एककांचे रूपांतर: गुणायचे की भागायचे, आणि साध्या गुणोत्तरांवर कितपत विसंबायचे?

सममूल्य

नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेतल्या मुलांना गणित शिकवते. एककांच्या रूपांतराचा भाग आला, की वर्गात एक प्रश्न हमखास उठतो: "बाई, आता गुणायचे की भागायचे?" ज्या मुलाला १ इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर हे तोंडपाठ असते, तोच मुलगा ४० सेंटीमीटरचे इंच करताना अडखळतो, आणि पुष्कळदा २.५४ ने गुणून १०१.६ इंच असे उत्तर निःशंकपणे लिहून मोकळा होतो.

माझे मत असे, की आपण मुलांच्या हाती गुणक देतो, पण दोन मापांमधला संबंध त्यांच्यापर्यंत पोहोचवत नाही. "१.६ ने गुणा" ही आज्ञा झाली आणि ती एकाच दिशेला चालते. "५ मैल म्हणजे ८ किलोमीटर" हे विधान मात्र दोन्ही बाजूंनी वाचता येते. म्हणून दशांशातले गुणक पाठ करून घेण्याऐवजी पूर्णांकांच्या जोड्या शिकवाव्यात, असे मला वाटते: ५ मैल आणि ८ किलोमीटर, ५ किलोग्रॅम आणि ११ पौंड, ३ मीटर आणि १० फूट, ताशी १८ किलोमीटर आणि सेकंदाला ५ मीटर. यांतली शेवटची जोडी तंतोतंत आहे, बाकीच्या जवळपासच्या आहेत.

आपले अनुभव दोन बाबतींत हवे आहेत. मांडणी कोणती शिकवावी? आणि या जवळपासच्या जोड्यांवर कुठपर्यंत भरवसा ठेवावा?

इच्छाफल

सममूल्यताई, आपण सुचवता आहात ते त्रैराशिकच आहे आणि त्याची जुनी मांडणी आजही मला सर्वांत सुटसुटीत वाटते. प्रमाण, फल आणि इच्छा अशा तीन राशी घ्यायच्या: माहीत असलेल्या जोडीतल्या दोन राशी म्हणजे प्रमाण आणि फल, आणि जिचे रूपांतर करायचे ती इच्छा. मांडताना प्रमाण आणि इच्छा एकाच जातीच्या असल्या पाहिजेत, एवढी एकच अट पाळायची. फलाला इच्छेने गुणायचे आणि प्रमाणाने भागायचे.

ताशी ७२ किलोमीटर वेगाचे सेकंदाला किती मीटर, असा प्रश्न असेल तर प्रमाण १८, फल ५ आणि इच्छा ७२. म्हणून उत्तर २०. उलट दिशेने जायचे असेल तर प्रमाण ५ होते आणि फल १८ होते. "गुणायचे की भागायचे" हा प्रश्न येथे उद्भवतच नाही, कारण प्रत्येक वेळी दोन्ही करायचे असते. विद्यार्थ्याने ठरवायचे ते इतकेच, की माझी इच्छा कोणत्या जातीची आहे.

काटछाट

इच्छाफल यांच्या मांडणीविषयी आदर राखून मी वेगळे मत मांडतो. त्रैराशिक एका पायरीसाठी उत्तम आहे, परंतु साखळी लांबली की विद्यार्थी वाट चुकतो. शिवाय १८ आणि ५ ही जोडी आली कोठून, हे त्यातून कळत नाही.

माझ्या मते एकक हे अंकाबरोबर शेवटपर्यंत लिहिले पाहिजे आणि अंकासारखेच कापले पाहिजे. १००० मीटर भागिले १ किलोमीटर या अपूर्णांकाचे मूल्य १ आहे, कारण वर आणि खाली एकच अंतर आहे. आणि १ ने कशालाही गुणले तरी राशी बदलत नाही. ताशी ९० किलोमीटर घ्या. ९० किलोमीटर प्रतितास, गुणिले १००० मीटर प्रतिकिलोमीटर, गुणिले १ तास प्रति ३६०० सेकंद. किलोमीटर कापले गेले, तास कापले गेले, उरले मीटर प्रतिसेकंद, आणि अंक आला २५. ती १८ आणि ५ ची जोडी म्हणजे १००० आणि ३६०० यांचेच संक्षिप्त रूप आहे.

या पद्धतीचा खरा लाभ चूक होते तेव्हा दिसतो. अपूर्णांक उलटा लिहिला गेला, तर उत्तराच्या शेवटी "किलोमीटरचा वर्ग प्रतिमीटर" असे काहीतरी विचित्र एकक उरते आणि चूक स्वतःच ओरडून सांगते. त्रैराशिकात चुकीचे उत्तरही बरोबर उत्तराइतकेच नीटनेटके दिसते.

मोजपट्टी

दोन्ही मांडण्या योग्य आहेत, पण त्यांच्या आधी एक वाक्य लिहून घ्यावे: "एकक मोठे होत असेल तर आकडा लहान होईल." सेंटीमीटरकडून इंचाकडे जाताना एकक मोठे होते, म्हणून उत्तर ४० पेक्षा कमीच आले पाहिजे. हे वाक्य लिहिणारा विद्यार्थी १०१.६ वर थांबणार नाही.

लेथवाला

गुणोत्तरांच्या या चर्चेत कार्यशाळेतले एक उदाहरण सांगावेसे वाटते, कारण तेथे गुणोत्तर कागदावर राहत नाही, त्याला दाते असतात.

ज्या लेथचा लीड स्क्रू (कापणारे हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे, म्हणजे समजा एका इंचात ८ आटे आहेत, त्यावर दीड मिलिमीटर पिचचे, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमध्ये तेवढे अंतर असलेले, मेट्रिक आटे पाडायचे आहेत. लीड स्क्रूचा पिच २५.४ भागिले ८ मिलिमीटर. आपल्याला हवा १.५. स्पिंडलची, म्हणजे काम धरून फिरवणाऱ्या दांड्याची, एक फेरी झाली की लीड स्क्रू १२ भागिले २५.४ फेरी इतका फिरला पाहिजे, आणि हा अपूर्णांक संक्षिप्त केला की ६० भागिले १२७ मिळतो. म्हणजे स्पिंडलकडे ६० दात्यांचा गिअर आणि लीड स्क्रूवर १२७ दात्यांचा. इंची लेथबरोबर मेट्रिक आट्यांसाठी १२७ दात्यांचे मोठे चाक का लागते, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. १२७ ही मूळ संख्या आहे, त्यामुळे दोन लहान चाकांत ती विभागताही येत नाही.

एवढे मोठे चाक प्रत्येक लेथमध्ये मावत नाही. तेव्हा ६३ दात्यांचे चाक वापरतात, कारण ८० भागिले ६३ हे गुणोत्तर १.२७ च्या फार जवळ आहे. १०० मिलिमीटर लांबीच्या आट्यांत त्यामुळे सुमारे ०.०१२५ मिलिमीटर फरक पडतो. नटबोल्टसाठी हा फरक नगण्य आहे. मोजमापाच्या उपकरणातला स्क्रू करायचा असेल तर मात्र १२७ चेच चाक शोधावे लागते. सममूल्यताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हेच आहे: भरवसा किती ठेवायचा हे गुणोत्तर ठरवत नाही, काम ठरवते.

शंकासूर

लेथवाले काका, फार सुंदर उदाहरण दिलेत. एक शंका आहे. २.५४ हा आकडा अगदी तंतोतंत आहे की पुढचे दशांश गाळले आहेत? तंतोतंत नसेल तर १२७ चे चाकसुद्धा जवळपासचेच ठरेल.

भूमापक

शंकासूर, तो आज तंतोतंत आहे, कारण तसे ठरवले गेले. १९५९ मध्ये इंग्रजी भाषक देशांनी आपसांत करार करून यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर आणि पौंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असे निश्चित केले. यार्डाचे ३६ भाग केले की इंच बरोबर २.५४ सेंटीमीटर येतो. त्याआधी अमेरिकेत १ मीटर म्हणजे ३९.३७ इंच असे धरले जात असे, त्यामुळे तेथील इंच २.५४ पेक्षा अगदी किंचित मोठा होता, आणि ब्रिटनचा त्याहून किंचित लहान.

हा फरक दहा लाखांत दोन भाग एवढाच आहे. परंतु अमेरिकेतल्या भूमापनात जुना फूट, म्हणजे १२०० भागिले ३९३७ मीटर, पुढेही चालू राहिला, आणि तो २०२२ च्या अखेरीस अधिकृतपणे बाद करण्यात आला. राज्यव्यापी नकाशाच्या निर्देशांकात दहा लाख फुटांचा आकडा सहज येतो. तेथे दोन फुटांपैकी कोणता फूट हे न विचारता रूपांतर केले, तर जागा दोन फुटांनी सरकते. सीमेचा खांब दोन फूट सरकला की प्रकरण न्यायालयात जाते. एककाचे नाव सारखे असले म्हणून एकक सारखे असेलच असे नाही, हेही मुलांना सांगावे.

अपूर्णांकप्रेमी

जवळपासच्या जोड्या शोधण्याची एक पद्धत आहे आणि ती नववीच्या मुलालाही जमते, म्हणून सविस्तर लिहितो.

१ मैल म्हणजे १.६०९३४४ किलोमीटर. पूर्णांक १ बाजूला काढा, उरलेल्या ०.६०९३४४ चा व्यस्त घ्या, त्यातला पूर्णांक पुन्हा बाजूला काढा, आणि असेच करत जा. या वितत अपूर्णांकातून क्रमाने ३/२, ५/३, ८/५, २९/१८, ३७/२३ अशी गुणोत्तरे मिळतात. ८/५ मध्ये त्रुटी सुमारे ०.६ टक्के आहे, आणि ३७/२३ मध्ये ०.०४ टक्के. म्हणजे २३ मैल हे जवळजवळ ३७ किलोमीटर. या गुणोत्तरांचा गुण असा, की तेवढ्याच किंवा त्याहून लहान छेदात त्यांच्याहून चांगले काही मिळतच नाही.

हीच कृती पौंडावर केली की ११/५ मिळते, त्रुटी ०.२ टक्के. त्याच वाटेवर ९७/४४ हेही आहे, आणि ४४ किलोग्रॅम म्हणजे ९७ पौंड ही जोडी इतकी नेमकी आहे, की घरगुती वजनकाट्याला तिच्यातला दोष दिसणार नाही. फुटासाठी ३ मीटर आणि १० फूट ही जोडी मला कच्ची वाटते, कारण त्रुटी दीड टक्क्याच्या वर जाते. ३२ मीटर आणि १०५ फूट ही जोडी घ्या. फरक निम्म्या सेंटीमीटरपेक्षाही कमी आहे.

मैलांसाठी आणखी एक सोय आहे. १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ या फिबोनाची श्रेणीतली कोणतीही संख्या मैल धरली, तर तिच्या पुढची संख्या साधारणपणे किलोमीटर असते, कारण लगतच्या संख्यांचे गुणोत्तर १.६१८ कडे जाते आणि आपल्याला १.६०९ हवे आहे. १३ मैलांचे २१ किलोमीटर, २१ मैलांचे ३४. यामागे निसर्गाचा काही नियम नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण तोंडी हिशेबाला उपयोगी पडतो.

मोजपट्टी

अपूर्णांकप्रेमी, पद्धत आवडली. तरीही वर्गात ३ आणि १० हीच जोडी ठेवावी असे मी म्हणेन. ३२ आणि १०५ लक्षात ठेवायचे असेल, तर मग ०.३०४८ लक्षात ठेवलेले काय वाईट?

भूमापक

मोजपट्टी यांच्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण क्षेत्रफळात आहे. लांबीतली त्रुटी क्षेत्रफळात दुप्पट होते आणि घनफळात तिप्पट.

४० फूट बाय ५० फूट जागा घ्या. ३ आणि १० च्या जोडीने ती १२ मीटर बाय १५ मीटर होते, म्हणजे १८० चौरस मीटर. प्रत्यक्षात ती १२.१९२ बाय १५.२४ आहे, म्हणजे जवळजवळ १८६ चौरस मीटर. लांबीत दीड टक्का वाटलेली चूक तीन टक्क्यांवर गेली आणि सहा चौरस मीटर जागा कागदावरून नाहीशी झाली. दहा फूट लांब, रुंद आणि उंच टाकी त्याच जोडीने २७ घनमीटरची ठरते, पण तिच्यात २८.३ घनमीटर पाणी मावते. तेराशे लिटरांची तफावत पडते.

याहून मोठी चूक म्हणजे गुणोत्तराचा वर्ग करायलाच विसरणे. १ फूट म्हणजे १२ इंच, म्हणून १ चौरस फूट म्हणजे १२ चौरस इंच, असे लिहिणारी मोठी माणसेही मी पाहिली आहेत. १२ इंच बाजूचा चौरस काढून त्यात एक-एक इंचाच्या चौकटी आखायला लावाव्यात. पहिली ओळ भरली, की बारा चौकटी झाल्या आणि अकरा ओळी अजून रिकाम्या आहेत, हे दिसते. त्यानंतर १४४ पाठ करावे लागत नाही.

काटछाट

भूमापक यांच्या मुद्द्याला एक जोड देतो. एकके लिहून कापण्याच्या पद्धतीत ही चूक होऊ शकत नाही, कारण चौरस फुटातला फूट दोनदा येतो आणि तो दोनदा कापावा लागतो.

शंकासूर

तापमानाचे काय करायचे? २० अंश सेल्सिअस म्हणजे ६८ अंश फॅरनहाइट, म्हणून दुप्पट केले तर ४० अंश सेल्सिअस म्हणजे १३६ यायला हवेत. पण उत्तर १०४ आहे. म्हणजे गुणोत्तर येथे चालत नाही असे समजावे का?

इच्छाफल

चालत नाही. त्रैराशिक मुळात लागू होण्याची अट अशी आहे, की एक राशी शून्य असेल तेव्हा दुसरीही शून्य असली पाहिजे. शून्य मैल म्हणजे शून्य किलोमीटर, परंतु शून्य अंश सेल्सिअस म्हणजे ३२ अंश फॅरनहाइट. तापमान हा या धाग्याचा विषयच नव्हे.

अपूर्णांकप्रेमी

इच्छाफल, अट आपण अचूक सांगितलीत, पण तापमान धाग्याबाहेर काढण्याची घाई करू नये. तापमानांना गुणोत्तर लागू नाही. तापमानांतल्या फरकांना लागू आहे, आणि ते अगदी नेमके ५ ला ९ असे आहे. १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० अंश फॅरनहाइट हा एक थांबा लक्षात ठेवा आणि तेथून पायऱ्या चढा किंवा उतरा. पाच वर, की नऊ वर. १५ ला ५९, २० ला ६८, २५ ला ७७. उतरत गेलात तर उणे ४० वर दोन्ही आकडे एक होतात. तेथे कोणती तापमापी आहे हे विचारण्याची गरज पडत नाही.

हा भेद न कळल्याने लेखांतही चुका होतात. "तापमान २ अंश सेल्सिअसने वाढले" याचे रूपांतर ३.६ अंश फॅरनहाइट असे आहे. सूत्रात २ घालून ३५.६ अंशांची वाढ लिहिणे म्हणजे वाढीला तापमान समजणे.

मोजपट्टी

फॅरनहाइटवरून आठवले. शरीराचे सामान्य तापमान ९८.६ असे दशांशासह सांगितले जाते, पण तो ३७ या पूर्णांकाचा अनुवाद आहे. मूळ आकड्यात जेवढी सूक्ष्मता होती, तेवढीच रूपांतरातही राहते. दशांशचिन्हामुळे ती वाढत नाही. "सुमारे १०० फूट" याचे "सुमारे ३०.४८ मीटर" करू नये, ३० मीटर म्हणावे.

उड्डाणवाचक

आकारमान आणि वस्तुमान यांच्यामधल्या रूपांतराचा उल्लेख अजून कोणी केला नाही. तेथे गुणोत्तर एककांवर अवलंबून नसून पदार्थावर अवलंबून असते, आणि हे विसरल्याचे सर्वांत बोलके उदाहरण २३ जुलै १९८३ चे आहे.

एअर कॅनडाचे बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले होते. इंधनमापक बंद होता, म्हणून टाक्यांमध्ये पट्ट्यांनी माप घेतले आणि ७,६८२ लिटर इंधन असल्याचे ठरले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम हवे होते. लिटरचे किलोग्रॅम करण्यासाठी १.७७ हा आकडा वापरला गेला, परंतु तो एका लिटरचे पौंडांतले वजन होता. किलोग्रॅमसाठी सुमारे ०.८ लागतो. ७,६८२ ला १.७७ ने गुणून १३,५९७ आले, ते किलोग्रॅम समजले गेले, आणि राहिलेल्या वजनासाठी ४,९१६ लिटर भरण्यात आले. योग्य गुणोत्तराने सुमारे २०,००० लिटर भरायला हवे होते. अर्ध्या वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरवले आणि सर्वजण वाचले.

गुणाकारात कोणतीही चूक नव्हती. १.७७ च्या पुढे "पौंड प्रतिलिटर" एवढे दोन शब्द लिहिलेले असते, तर काटछाट यांच्या पद्धतीप्रमाणे उत्तर पौंडांत आले असते आणि २२,३०० किलोग्रॅममधून ते वजा करताना कोणाचा तरी हात थांबला असता.

काटछाट

उड्डाणवाचक, हे तपशील लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मोजपट्टी यांची कसोटीही येथे लागू पडली असती: इंधन पाण्याहून हलके असते, म्हणून एका लिटरचे वजन एका किलोग्रॅमपेक्षा कमीच असले पाहिजे. १.७७ दिसताक्षणी शंका यायला हवी.

सममूल्य

सर्वांचे आभार. पहिल्या प्रश्नाविषयी माझे मत चर्चेमुळे बदलले आहे. जोडीने सुरुवात करायची हे मी कायम ठेवते, पण जोडी लिहिताना दोन्ही एकके तिच्याबरोबर शेवटपर्यंत ठेवायची, आणि गणित सुरू करण्यापूर्वी आकडा वाढणार की घटणार हे वाक्य लिहून घ्यायचे. इच्छाफल यांची मांडणी एका पायरीच्या उदाहरणांना आणि काटछाट यांची साखळीला, असे वर्गात करून पाहते.

दुसऱ्या प्रश्नात एक गोष्ट राहिली आहे. दोन जवळपासच्या जोड्या एकापाठोपाठ वापरल्या तर त्रुटींची बेरीज होते का? गॅलनला ३० मैल जाणाऱ्या गाडीला १०० किलोमीटरसाठी किती लिटर लागतात, हे उदाहरण माझ्यासमोर आहे.

इच्छाफल

ताई, हे व्यस्त त्रैराशिक आहे: मैल वाढले की लिटर कमी होतात. त्यामुळे येथे आकडा थेट गुणून चालत नाही, तो छेदात जातो.

अपूर्णांकप्रेमी

बेरीज होते, पण चिन्हासह होते. आपलेच उदाहरण सोडवून दाखवतो. ३० मैल म्हणजे ५ ला ८ या जोडीने ४८ किलोमीटर. अमेरिकन गॅलन ३.८ लिटर धरला, तर १०० किलोमीटरला ३.८ गुणिले १०० भागिले ४८, म्हणजे ७.९ लिटर. नेमके उत्तर ७.८४ आहे. येथे ४८ हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा लहान आहे आणि ३.८ थोडा मोठा. लहान आकडा छेदात असल्याने दोन्ही त्रुटींनी उत्तर एकाच दिशेला, वर ढकलले, आणि एक टक्का फरक पडला.

आता ब्रिटिश गॅलन घ्या. तो ४.५४६ लिटरचा आहे, ४.५ धरला तर तो एक टक्क्याने लहान होतो. ४.५ गुणिले १०० भागिले ४८, म्हणजे ९.३८. नेमके उत्तर ९.४२. येथे अंश आणि छेद दोन्ही लहान असल्याने त्रुटींनी एकमेकींना बरेचसे खोडले. मात्र हे सगळे गणित करण्यापूर्वी गाडीच्या पुस्तिकेत कोणता गॅलन आहे हे पाहून घ्या, कारण दोन गॅलनांमधले गुणोत्तर जवळजवळ ५ ला ६ आहे आणि त्या फरकापुढे आपल्या या एका टक्क्याला काही अर्थ उरत नाही.